ॲबी रोडचा आवाज: खोली, टेप आणि चार ट्रॅक

प्रश्न असा आहे: लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओचा इतिहास काय, 1960 च्या दशकात तिथे झालेल्या रेकॉर्डिंगला जो खास आवाज आहे तो कशामुळे आला, आणि आज घरी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला तो कितपत साधेल?

इतिहास आणि आवाज हे दोन वेगळे विषय नाहीत, म्हणून एकत्रच सांगतो. ॲबी रोड हा तासाच्या भाड्याने चालणारा स्टुडिओ म्हणून उभा राहिला नाही. तबकड्या छापणाऱ्या, ग्रामोफोन बनवणाऱ्या आणि रेकॉर्डिंगची यंत्रंही स्वतःच घडवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं ते घरचं खातं होतं. माइकच्या तारेपासून तबकडीच्या खोबणीपर्यंत सगळी साखळी एकाच कंपनीच्या हातात होती. तिथे एखादी गोष्ट अशीच का करतात, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा या साखळीतच सापडतं.

सेंट जॉन्स वूड या वस्तीत 3, ॲबी रोड या पत्त्यावर एकोणिसाव्या शतकातलं एक नऊ बेडरूमचं घर होतं. ग्रामोफोन कंपनीने ते 1929 मध्ये घेतलं. कंपनीला हवी होती ती घरामागची लांबलचक बाग. स्टुडिओ त्या बागेत बांधले आणि पुढचं घर कचेरीसाठी ठेवलं. म्हणून आजही रस्त्यावरून पाहिलं तर साधं पांढरं घर दिसतं, आणि एवढा मोठा हॉल आत कुठे मावला असेल असा प्रश्न पडतो. बांधकाम चालू असतानाच 1931 मध्ये ग्रामोफोन कंपनी आणि कोलंबिया ही दुसरी रेकॉर्ड कंपनी एकत्र येऊन ईएमआय झाली. 12 नोव्हेंबर 1931 ला उद्घाटन झालं. संगीतकार एडवर्ड एल्गर यांनी स्टुडिओ एकमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं संचालन केलं. पुढच्याच वर्षी त्याच हॉलमध्ये येहुदी मेन्यूहिन या सोळा वर्षांच्या व्हायोलिनवादकाने एल्गर यांच्याच हाताखाली त्यांचा व्हायोलिन कॉन्चेर्टो मुद्रित केला.

त्या काळचं काम समजून घ्या, कारण पुढची सगळी शिस्त तिथून आली. आवाज थेट मेणाच्या जाड तबकडीवर कोरला जाई. मेण आधी कपाटात कोमट करून ठेवत, कारण थंड मेणात सुई खरवडते आणि खरखर कायमची बसते. तबकडी फिरवायला मोटर वापरत नसत. मोटरची थरथर आणि वेगातली चढउतार खोबणीत उतरते. त्याऐवजी वरून सावकाश खाली येणाऱ्या वजनावर यंत्र फिरे, जुन्या लंबकाच्या घड्याळासारखं. एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत. कोरलेलं मेण वाजवून पाहिलं तर खोबणी खराब होई, म्हणजे जो टेक छापायचा तो ऐकताच येत नसे. काटछाट नाही, दुरुस्ती नाही. वादक कुठे बसवायचे आणि माइक कुठे टांगायचा हे आधी ठरवून, तालीम करून मगच सुई टेकवायची.

या इमारतीशी जोडलेलं सर्वांत मोठं तांत्रिक नाव म्हणजे ॲलन ब्लमलाइन. वेस्टर्न इलेक्ट्रिकची रॉयल्टी टाळता यावी म्हणून त्यांनी कोलंबियासाठी तबकडी कोरण्याची स्वतंत्र यंत्रणा बनवली. 14 डिसेंबर 1931 ला त्यांनी ज्या पेटंटचा अर्ज केला त्यात आजच्या स्टिरिओचा पायाच आहे: दोन माइकांची मांडणी, आणि एकाच खोबणीच्या दोन भिंतींवर दोन चॅनेल कोरायची पद्धत. 1934 च्या जानेवारीत टॉमस बीचम हे संचालक लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून मोझार्टची शेवटची सिम्फनी बसवून घेत असताना ॲबी रोडवर त्याची चाचणी झाली. ब्रिटनमध्ये स्टिरिओ एलपी बाजारात आल्या त्या 1958 मध्ये. ते पाहायला ब्लमलाइन नव्हते; 1942 मध्ये रडारच्या चाचणीचं विमान कोसळून ते गेले.

त्यांची माइकची मांडणी घरी करून पाहावी अशीच आहे. पुढून आणि मागून सारखं ऐकणारे, म्हणजे फिगर-एटचे दोन माइक घ्या. एकाचं डोकं दुसऱ्याच्या बरोबर वर, मध्ये बोटभर अंतर, आणि तोंडं एकमेकांशी 90 अंशांत. समोरचा वादक दोन्हींच्या बरोबर मध्ये, म्हणजे प्रत्येकापासून 45 अंशांवर येईल असं बसवा. यात चूक होते ती अशी: माइक मागूनही तितकंच ऐकतात हे विसरून लोक ते भिंतीला टेकवून लावतात. मग भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि सगळं डब्यात बसून गायल्यासारखं होतं. मागे निदान सहा-आठ फूट मोकळे ठेवा, नाही तर मागे जाड रजई टांगा.

युद्धानंतर जर्मनीत सापडलेल्या टेप यंत्रांचा अभ्यास करून ईएमआयने स्वतःचं टेप मशीन बनवलं. बीटीआर-2 हे हिरवं, कपाटाएवढं मशीन 1950 च्या दशकात स्टुडिओचा कणा झालं. पण टेप आली तरी मेणाच्या काळातली मनाची घडण गेली नाही. तंत्रज्ञ पांढऱ्या कोटात, सामान हलवणारे तपकिरी कोटात, बॅलन्स इंजिनियर (आवाजांचा तोल राखणारे) टायमध्ये. सेशनच्या वेळाही ठरलेल्या: सकाळी 10 ते 1, दुपारी अडीच ते साडेपाच, रात्री 7 ते 10. 11 फेब्रुवारी 1963 ला बीटल्सनी याच तीन पाळ्यांत, थोडा वेळ वाढवून, पहिल्या एलपीची दहा गाणी उरकली. हे जमलं कारण गाणी रोज मंचावर वाजून घोटलेली होती आणि नॉर्मन स्मिथ या इंजिनियरला खोली पाठ होती.

खोलीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. स्टुडिओ एक म्हणजे सुमारे 92 फूट लांब, 55 फूट रुंद आणि जवळपास 40 फूट उंच हॉल. आवाज विरायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो, आणि शंभर जणांचा वाद्यवृंद आरामात बसतो. स्टुडिओ दोन सुमारे 60 बाय 38 फूट, उंची 24 फूट, आवाज विरायला साधारण सव्वा सेकंद. कंट्रोल रूम वरच्या मजल्यावर, तिथून लाकडी जिना खाली उतरतो. भिंतींवर समुद्री गवत भरलेल्या जाड रजया टांगलेल्या. 24 फूट उंचीचा फायदा काय ते पाहा: ड्रमचा आवाज छतावर जाऊन परत माइकपर्यंत यायला 35 ते 40 मिलिसेकंद लागतात. तोवर मूळ ठोका होऊन गेलेला असतो, त्यामुळे परतलेला आवाज ठोक्याला गढूळ करत नाही, मागे हवा भरतो. आपल्याकडच्या साडेनऊ फुटी खोलीत तोच आवाज 8 ते 10 मिलिसेकंदांत परततो आणि ठोक्यावरच चढतो. म्हणून फ्लॅटमध्ये माइक लांब ठेवून “रूम साउंड” घ्यायचा प्रयत्न बहुधा फसतो. तिथे छतावरून परतणारा आवाज मारा: ड्रमच्या किंवा गायकाच्या वर निदान सहा बाय चार फुटांचा, चार-पाच इंच जाडीचा रॉकवूलचा (दगडी लोकरीचा) पट्टा छतापासून थोडा खाली टांगा. पसारा हवा असेल तर तो इको चेंबरमधून आणा.

इको चेंबर ही ॲबी रोडची खरी ठेव आहे. स्टुडिओ दोनचं चेंबर म्हणजे टणक, गिलावा केलेल्या भिंतींची एक रिकामी खोली, आत एक स्पीकर, दोन माइक, आणि मधोमध उभे केलेले चकाकीचे मातीचे जाड पाइप, सांडपाण्यासाठी वापरतात तसले. पाइप शोभेसाठी नाहीत. समोरासमोरच्या सपाट भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टपटपत राहतो आणि “टर्रर” असा कंप ऐकू येतो. गोल पाइप त्याला फोडून चारी दिशांना पसरवतात. गाण्यातला हवा तेवढा भाग कन्सोलवरून (आवाज मिसळायच्या टेबलावरून) या खोलीत पाठवायचा, माइकने परत घ्यायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा.

त्यातली खुबी अशी की आवाज चेंबरमध्ये सरळ पाठवत नसत. आधी तो टेप मशीनच्या एका हेडने (टेपला टेकणाऱ्या चुंबकाने) नोंदवून पुढच्या, वाचणाऱ्या हेडवरून उचलत, म्हणजे तो थोडा उशिरा निघे. या पद्धतीला तिथे “स्टीड” म्हणत. उशीर किती ते हेडांमधलं अंतर आणि टेपचा वेग यावर ठरतं: अंतर दीड इंच आणि वेग सेकंदाला 15 इंच असेल तर 100 मिलिसेकंद, वेग 30 केला तर 50. शिवाय चेंबरकडे जाणाऱ्या वाटेवर एक फिल्टर असे. साधारण 600 हर्ट्झच्या खालचं आणि 10 किलोहर्ट्झच्या वरचं छाटून टाकायचं. या दोन गोष्टींनीच तो आवाज घडतो. उशिरामुळे गायकाचा शब्द आधी स्वच्छ पोचतो, घुमारा मागून येतो. फिल्टरमुळे बेस आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) घुमाऱ्यात शिरत नाहीत आणि “स”, “श” फुसफुसत नाहीत.

हे घरी सहज होतं. टाइल लावलेलं न्हाणीघर, इमारतीचा जिना, धुऊन कोरडी केलेली सिमेंटची रिकामी टाकी, काहीही चालतं. स्पीकरचं तोंड कोपऱ्याकडे वळवा, माइकाकडे नाही. थेट आवाज माइकात गेला तर घुमाऱ्याऐवजी दुसरा फिका आवाज ऐकू येतो. माइक स्पीकरच्या मागच्या बाजूला, भिंतीपासून हातभर लांब. सॉफ्टवेअरमध्ये पाठवणीच्या चॅनेलवर आधी 600 चा हाय-पास (खालचं छाटणारा), 10 किलोहर्ट्झचा लो-पास (वरचं छाटणारा), मग 80 ते 120 मिलिसेकंदांचा डिले (उशीर), आणि ते स्पीकरकडे. न्हाणीघरात बादली, मोठे पिंप, उभी केलेली फरशी असं काहीतरी वाकडंतिकडं ठेवा. पाइपचं काम ते करतं. खोली ओली असू देऊ नका, थेंबाचा आवाजही सगळा रेकॉर्ड होतो. जिन्यात करणार असाल तर रात्री उशिरा, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून.

आता ट्रॅकांचा, म्हणजे एकाच टेपवरच्या सुट्या पट्ट्यांचा हिशोब. 1963 च्या ऑक्टोबरपर्यंत बीटल्स दोन ट्रॅकवर काम करत होते: एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळा. दोन ट्रॅक ठेवले ते मोनो (एकाच चॅनेलचं) मिक्स करताना गळ्याचा तोल सांभाळता यावा म्हणून. डावी-उजवी बाजू कुणाच्या डोक्यातच नव्हती. म्हणून त्या सुरुवातीच्या गाण्यांच्या स्टिरिओ आवृत्तीत सगळा बँड एका कानात आणि गाणारे दुसऱ्या कानात येतात. नवशिके त्यावरून त्या काळच्या मिक्सबद्दल मत बनवतात, ते चूक आहे. 1968 पर्यंत मन लावून केलेलं मिक्स मोनोचं असे, स्टिरिओ मागाहून, थोडक्या वेळात आणि बरेचदा बँड घरी गेल्यावर उरकलेलं. तोल शिकायचा असेल तर मोनोच ऐका.

चार ट्रॅक आले आणि 1965 मध्ये स्टुडरचं जे-37 मशीन आलं, एक इंच रुंद टेपचं. चार ट्रॅक भरले की “रिडक्शन” करायचं: चारही ट्रॅक मिसळून दुसऱ्या मशीनवरच्या एका किंवा दोन ट्रॅकवर उतरवायचे, उरलेले नव्या वाद्यांसाठी मोकळे. 1966 च्या नोव्हेंबरपासून 1967 च्या एप्रिलपर्यंत चाललेला “सार्जंट पेपर” या बीटल्सच्या एलपीचा सगळा डोलारा असाच उभा आहे. याची किंमत आहे. प्रत्येक कॉपीगणिक टेपची हिस्स (सततची फुसफुस) वाढते, वरचे सूर मऊ पडतात, ठोक्याची धार बोथट होते. ते माहीत असल्यामुळे रिडक्शन करताना वरचा भाग आधीच थोडा जास्त ठेवत, आणि जे शेवटपर्यंत ताजं राहायला हवं ते सर्वांत शेवटी नोंदवत. मॅकार्टनीची बेस गिटार त्या काळात इतकी पुढे आणि गोल ऐकू येते ती म्हणूनच: बरेचदा ती शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर नोंदवली आहे.

पण खरा परिणाम हिस्सचा नव्हे, निर्णयाचा. ड्रम, ताल धरणारी गिटार आणि पियानो एका ट्रॅकवर उतरले की त्यांचं आपसातलं प्रमाण कायमचं ठरलं. पुढे येणारं प्रत्येक वाद्य त्या ठरलेल्या चित्रातली रिकामी जागा शोधत बसतं. हे तुम्हाला फुकटात करता येतं. चार ट्रॅक भरा, ऐकून मिसळा, एक स्टिरिओ फाइल काढा आणि मूळ प्रोजेक्ट दुसऱ्या डिस्कवर हलवा. पुढचं सगळं त्या फाइलवर. एक सांभाळा: मिसळताना बेस आणि किक एकाच फाइलमध्ये घालू नका. नंतर बेस वाढवायला गेलात की किकही फुगते आणि मग परतीची वाट राहत नाही.

कन्सोल ईएमआयच्याच रेकॉर्ड इंजिनियरिंग डेव्हलपमेंट खात्याने बनवलेले, म्हणून नाव “रेड”. रेड-37, आणि 1964 च्या सुरुवातीला स्टुडिओ दोनमध्ये आलेला रेड-51, दोन्ही व्हॉल्व्हवर चालणारे. चॅनेलवर टोन बदलायला फक्त दोन नॉब, बेस आणि ट्रेबल. ट्रेबलची पेटी काढून बदलता येई. “पॉप” पेटीत 5 किलोहर्ट्झच्या आसपास उंचवटा, “क्लासिक” पेटीत 10 किलोहर्ट्झच्या पुढचं सगळं सारखं वर. याहून वेगळं काही हवं असेल तर बाहेरची आरएस-127 पेटी: 2.7, 3.5 किंवा 10 किलोहर्ट्झ, दोन-दोन डेसिबलच्या पायऱ्यांनी वरखाली. बस्स. आजच्या आठ पट्ट्यांच्या इक्वलायझरशी तुलना करा. टोन बदलायची सोय इतकी कमी, म्हणून इंजिनियर जिना उतरून माइक हलवत, वेगळा माइक लावत, नाही तर पियानोच बदलत. स्टुडिओत 1905 चा एक उभा स्टाइनवे आहे. त्याच्या हातोड्यांवर लॅकर चढवून त्या टणक केल्या आहेत आणि तारा मुद्दाम किंचित फटकून लावल्या आहेत. ट्रेबल वाढवून येणार नाही अशी ती खणखण वाद्यातूनच येते.

1966 मध्ये विशीतला जेफ एमरिक बीटल्सचा इंजिनियर झाला आणि माइक वाद्याच्या अगदी जवळ नेऊ लागला. कंपनीचे नियम त्याविरुद्ध होते. जोरदार हवेच्या फटक्याने महागडे माइक खराब होत. त्याने बास ड्रममध्ये स्वेटर कोंबून घुमारा मारला, माइक जवळ आणला आणि फेअरचाइल्ड लिमिटरने (मोठा आवाज दाबणाऱ्या यंत्राने) दाबला. हीच रीत त्याने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तबल्यावरही वापरली. वादक होते अनिल भागवत, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमार्फत आलेले. “रिव्हॉल्व्हर” या बीटल्सच्या एलपीच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापलं आहे, आणि बाहेरच्या वादकाला असा मान त्या काळी क्वचितच मिळे. आपल्याकडे तबला पुष्कळदा फूट-दीड फुटांवरून घेतात. जवळून घेऊन दाबला की चाटेवरचा “ना” आणि बायाँची मींड एकाच पातळीवर येतात, आणि घिस्सा मोठा ऐकू येतो. घरी करताना दोन माइक, दोन्ही तोंडापासून चार-पाच इंच वर, शाईवर नेम न धरता किनारीकडे कललेले. कॉम्प्रेसर (हाही आवाज दाबणाराच) 4:1, अटॅक, म्हणजे दाब सुरू व्हायचा वेळ, 10 मिलिसेकंदांहून कमी नको, नाही तर थापेची धारच जाते. गायकीच्या साथीला मात्र हा आवाज वापरू नका. तबला गळ्याच्या पुढे येऊन बसतो.

याच वर्षी स्टुडिओचे तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी एडीटी, म्हणजे एकच आवाज यंत्राने दुहेरी करायची रीत शोधली. गायकाला तीच ओळ दोनदा गायला लावून आवाज जाड करायचा कंटाळा आला होता. युक्ती अशी. जे-37 वर दोन हेड: नोंदवणारं आधी, वाचणारं नंतर. नोंदवणाऱ्या हेडवरूनही टेप वाचता येते, त्यामुळे तिथून शब्द थोडा लवकर मिळतो. तो लवकर मिळालेला शब्द बीटीआर-2 वर पाठवायचा, तिथे नोंदवून तिच्या वाचणाऱ्या हेडवरून परत घ्यायचा. तोवर मूळ शब्द जे-37 च्या वाचणाऱ्या हेडपाशी पोचलेला असतो. म्हणजे दोन्ही जवळपास एकाच वेळी येतात. आता बीटीआर-2 च्या मोटरला विजेच्या तारेऐवजी ऑसिलेटरवरून (हवे तेवढे हर्ट्झ देणाऱ्या यंत्रावरून) पुरवठा द्यायचा आणि नॉब हळूहळू फिरवायचा. वेग कमी केला की नक्कल मागे पडते, वाढवला की पुढे येते.

पुढे येते, हे महत्त्वाचं. नेहमीच्या डिलेमध्ये नक्कल कायम मागेच असते, म्हणून बरेच जण एडीटी म्हणून जे करतात ते नुसतं स्लॅपबॅक, म्हणजे मागून येणारा प्रतिध्वनी होतं. बरोबर रीत अशी: मूळ गळाच 50 मिलिसेकंद उशिरा करा. नक्कल दुसऱ्या चॅनेलवर, तिचा डिले 25 ते 75 च्या दरम्यान ऑटोमेशनने हाताने फिरवा. एलएफओ (डिले ठरावीक लयीत आपोआप हलवणारी सोय) लावू नका. त्याची लय कानाला कळते आणि कोरस पेडल वाटतं. डिले एका सेकंदात 10 मिलिसेकंद बदलला तर सूर एक टक्का सरकतो, म्हणजे सुमारे 17 सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट), ते बेसूर लागतं. तेवढाच बदल तीन सेकंदांत करा, सूर सहा सेंट हलतो आणि माणूस दोनदा गायल्यासारखं वाटतं. दोन्ही आवाज अगदी एकमेकांवर आले की फिल्टरसारखी “श्शूँ” अशी लाट जाते. ती हवी असेल तर ठीक, नको असेल तर फरक 10 मिलिसेकंदांच्या आत येऊ देऊ नका आणि मोनोत तपासा: 1 मिलिसेकंद फरकाला 500 हर्ट्झवरच खड्डा पडतो आणि गळ्याचा भरणा निघून जातो. नकलेची पातळी मुळापेक्षा 4 ते 6 डेसिबल कमी.

तोच ऑसिलेटर वेग बदलण्यासाठीही वापरत. इंग्लंडची वीज 50 हर्ट्झची; मोटरला 47.2 हर्ट्झ दिले की गाणं अर्धा सूर उतरतं. उतरवून गायचं आणि नेहमीच्या वेगाने वाजवायचं, की गळा हलका, तरुण होतो. डिसेंबर 1966 मध्ये याच सोयीने एक अवघड सांधा जुळला: बीटल्सच्या “स्ट्रॉबेरी फील्ड्स”च्या वेगळ्या सुरातल्या आणि वेगळ्या लयीतल्या दोन आवृत्त्या वेग बदलून जुळवल्या आणि गाण्याच्या साधारण एका मिनिटावर जोडल्या. हेडफोन लावून ऐका. त्या जागेनंतर गळा जड आणि किंचित झिंगलेला होतो. आजच्या टाइम-स्ट्रेचमध्ये सूर आणि लय सुटे करता येतात, पण हा बदललेला पोत मिळत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरमधला टेपसारखा, सूर आणि वेग एकत्र बदलणारा पर्यायच निवडा.

10 फेब्रुवारी 1967 ला बीटल्सच्या “अ डे इन द लाइफ” या गाण्यासाठी स्टुडिओ एकमध्ये चाळीस वादक बसले. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना चोवीस मात्राखंडांचा चढ लिहून दिला होता: आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या सुरापासून वरच्या टोकापर्यंत, ज्याने त्याने आपल्या गतीने. चार ट्रॅक पुरणार नव्हते, म्हणून टाउनसेंड यांनी दोन मशीन जोडली. पहिल्याच्या एका ट्रॅकवर 50 हर्ट्झचा सूर नोंदवला आणि तोच वाढवून दुसऱ्याच्या मोटरला दिला, म्हणजे दोघांचा वेग एक. पण वेग एक झाला तरी सुरुवात एक होत नाही. दोन्ही मशीन हाताने, खुणेवर चालू करावी लागत आणि मिक्सच्या वेळी ती पुन्हापुन्हा चुकत. शेवटचा पियानोचा ठोका त्या महिन्याच्या 22 तारखेचा. सूर विरत जाईल तसतसा फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) वर सरकवत नेला, म्हणून चाळीसहून अधिक सेकंद तो टिकतो, आणि शेवटी खोलीतली हवा खेळवणारी यंत्रणा व खुर्चीची करकरही ऐकू येते. शांत जागेत, आवाज वाढवून ऐकलं तर स्टुडिओ दोन किती गप्प खोली होती ते तिथे कळतं.

मुंबईचा धागाही इथेच आहे. 1968 च्या जानेवारीत बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रोडवरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करायला आला. तिथे फक्त मोनो मशीन होतं, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं मशीन मागवलं. खोली ध्वनिरोधक नव्हती. रस्त्यावरच्या टॅक्स्या ऐकू येत, आणि साडेपाचला कचेरी सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांचा गलका. वादक दोन-ट्रॅकवर थेट मिसळून नोंदवले गेले. त्यातल्या “द इनर लाइट” या गाण्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे. टेप लंडनला नेऊन फेब्रुवारीत गळा त्यावर ॲबी रोडवर चढवला. एकाच कंपनीच्या दोन शहरांतल्या दोन खोल्या त्या तीन मिनिटांत ऐकू येतात. मुंबईची बाजू कोरडी आणि पुढे, कारण गोंगाट टाळायला माइक जवळ घेण्यावाचून इलाज नव्हता.

आठ ट्रॅक इथे उशिरा आले. लंडनच्या इतर स्टुडिओंत ती मशीन चालू झाली होती, पण ईएमआयमध्ये नवं यंत्र आलं की आधी तंत्रज्ञांच्या टेबलावर जाई. थ्रीएम कंपनीच्या आठ ट्रॅकच्या मशीनला एडीटीसाठी लागणारी हेडांची सोय नव्हती, ती बसवून घ्यायची होती. 1968 च्या सप्टेंबरमध्ये बीटल्सनी ते काम पुरं व्हायच्या आतच बाहेर काढून वापरलं. त्याच वर्षाअखेर ट्रान्झिस्टरचा टीजी-12345 कन्सोल स्टुडिओ दोनमध्ये बसला: चोवीस माइक, आठ बाहेर जाणाऱ्या वाटा, आणि प्रत्येक चॅनेलवर स्वतःचा लिमिटर. व्हॉल्व्हची ती करकरीत धार गेली, आवाज मऊ आणि खोल झाला. बीटल्सची 1969 ची त्या रस्त्याच्याच नावाची एलपी या कन्सोलवरची आहे, आणि तिच्या यशानंतर, 1970 च्या दशकात, ईएमआय स्टुडिओचं अधिकृत नाव ॲबी रोड झालं.

1972-73 मध्ये पिंक फ्लॉइड हा बँड इथे सोळा ट्रॅकवर काम करत होता. नाण्यांचा खणखणाट, कागद फाटणं, गल्ल्याची घंटा असे सात आवाज त्यांनी “मनी” या गाण्यासाठी टेपवर घेतले आणि सातही तुकडे पट्टीने मोजून सारख्या लांबीचे कापले. सेकंदाला 15 इंच वेग असेल तर अर्ध्या सेकंदाचा ठोका म्हणजे साडेसात इंच टेप. तुकडे चिकटवून लूप केला, तो मशीनवर मावेना, म्हणून माइकच्या स्टँडाभोवती ताणून फिरवला. ताण कमी पडला की लूप लोंबतो आणि सूर डगमगतो, जास्त झाला की टेप ताणली जाते. सांधा 45 अंशांत तिरका कापतात. सरळ कापला तर हेडवरून जाताना “टक्” वाजतं. सॉफ्टवेअरमधला 5 ते 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा वर येणं) म्हणजे तोच तिरका काप.

पुढचा काळ थोडक्यात. 1980 पासून स्टुडिओ एकमध्ये सिनेमांचं पार्श्वसंगीत मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं, आणि त्या कामाने तो प्रचंड हॉल वाचवला. फेब्रुवारी 2010 मध्ये इमारत विकली जाणार अशा बातम्या आल्या, त्याच महिन्यात तिला वारसा इमारतीचं संरक्षण मिळालं. डिसेंबरमध्ये समोरच्या झेब्रा क्रॉसिंगलाही. 2012 मध्ये ईएमआयसोबत स्टुडिओ युनिव्हर्सलकडे गेला.

तुम्ही करून पाहणार असाल तर क्रम असा ठेवा. आधी चेंबर, कारण खर्च शून्य आणि फरक सर्वांत मोठा. मग चार ट्रॅकचं रिडक्शन, एका पूर्ण गाण्यावर. मग एडीटी, फक्त मुख्य गळ्यावर आणि फक्त धृपदात. फेअरचाइल्ड किंवा रेडची नक्कल करणारे सॉफ्टवेअरमधले प्लगइन शेवटी, आणि तेही प्रत्येक चॅनेलवर नाही. त्या खोलीत फेअरचाइल्ड मोजकेच होते, म्हणून ते गळा किंवा ड्रम अशा एखाद्याच जागी लागत आणि तो आवाज दाबूनच टेपवर जाई. तुम्हीही रेकॉर्ड करताना दाबा आणि ती फाइल तशीच ठेवा. मीटरवर 3 ते 5 डेसिबलच्या वर दाब जात असेल तर गायकाला माइकपासून अर्धा फूट मागे सरकवा.